मोजावाल्यांचा खांब

तळघरातल्या त्या खोलीचं दार आत येताना कार्ड मागायचं आणि बाहेर जातानाही मागायचं. आत येताना मागतं ते एक वेळ समजू शकतं. कुणी उपटसुंभ शिरला आणि यंत्र काखोटीला मारून पसार झाला तर काय घ्या. पण बाहेर पडायलाही परवानगी लागावी, ही अक्कल ज्याने कुणी चालवली त्याला एकदा त्या खोलीत कोंडून भरपूर चहा पाजायला हवा होता. कार्डं तिघांकडे होती. मोठ्या मॅडमकडे, फिजिओकडे आणि मास्तरणीकडे. मास्तरणीच्या बाबांकडे नव्हतं. त्यामुळे बाथरूमला जायचं असलं की ते आधी घसा खाकरायचे, मग दाराकडे बघायचे, आणि तरीही मुलीची मान संगणकातून वर आली नाही तर म्हणायचे, "मास्तरीणबाई, शाळा सुटली का?" मग ती गळ्यातलं कार्ड दाराला टेकवायला उठायची.

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. ही पोर लहान असताना शिडीखाली उभी राहून वरच्या अक्षरांतल्या चुका काढायची, आणि त्याही दुकानदारासमोर. बाबांनी चिडून ठेवलेलं नाव पुढे लाडाचं झालं, आणि बाबा रोज प्रयोगशाळेत येऊन बसायला लागल्यावर तिथल्यांच्याही तोंडी रुळलं. आता ती पस्तिशीला टेकली होती, डॉक्टरेट शेवटच्या टप्प्यात अडकली होती, तरी नाव काही पाठ सोडत नव्हतं.

बाबा तिथे का बसायचे, तर त्यांना ठेवणार कुठे? आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला, उजवा हात लुळा पडला, आणि मास्तरणीने त्यांना आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. पहिल्याच आठवड्यात ती कामावर असताना ते बाथरूममध्ये घसरले आणि ती परत येईपर्यंत तिथेच पडून राहिले. त्या दिवशी तिने ठरवलं की यांना आता एकटं सोडायचं नाही. ठरवलं तिने आणि बसले बाबा. छपाईयंत्र आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या खुर्चीत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

खोलीत जो अभ्यास चालला होता तोही लुळ्या हातांचाच होता. स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसांचे दोन गट केले होते. एका गटाने नेहमीचे हाताचे व्यायाम करायचे. दुसऱ्या गटाने घरी रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास एक हातमोजा घालून बसायचं. मोज्यातून बारीकशी वीज जायची आणि बोटं आपोआप मिटायची-उघडायची. खोलीत पहिल्यांना व्यायामवाले म्हणत आणि दुसऱ्यांना मोजावाले. दोघांनीही पंधरवड्यातून एकदा यायचं आणि ग्रिप मीटर नावाची लोखंडी मूठ जीव खाऊन दाबायची. किती जोर लागला त्याचा आकडा मीटरवर यायचा आणि मास्तरीण तो संगणकात भरायची. माणूस एकदा नीट दाबतो, एकदा हात सुटतो, म्हणून एका भेटीत किमान तीनदा दाबायचं असा नियम होता. कमाल किती, ते कुणी लिहिलं नव्हतं. कशाला लिहितील? ती मूठ हौसेने दाबत बसणारा माणूस जगात असेल असं नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

मग एकदा मोजावाल्यांत एक माणूस कमी पडला. मोठ्या मॅडम म्हणजे या अभ्यासाच्या प्रमुख. त्यांनी छपाईयंत्राशेजारच्या खुर्चीकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं, बाबा आहेतच की आयते. घाल त्यांना." मास्तरणीच्या मनात पाल चुकचुकली. बापाचा हात मुलीनेच मोजायचा हे काही बरं दिसत नाही. पण बाहेर कुठे विकत न मिळणारा मोजा बाबांना फुकटात मिळणार होता. त्या मोज्याने हात सुधारला, तर कधीतरी पुन्हा ब्रश धरता आला असता. तिने बाबांना घातलं. यादीत त्यांचा नंबर सातवा लागला.

खिडकी नसलेल्या खोलीत बसलेला माणूस करणार काय? वर्तमानपत्र दहाच्या आत वाचून संपायचं. मग बाबा म्हणायचे, "मास्तरीण, दाबू का?" आणि ती डोकं वर न काढता म्हणायची, "दाबा." त्यांनी दाबायचं, आकडा मोठ्याने सांगायचा, तिने भरायचा. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा, कधी चारच्या चहाच्या वेळी आणखी एकदा. दाबताना बाबांच्या मानेची शीर ताठ व्हायची, चेहरा लाल व्हायचा. आकडा कालच्यापेक्षा चढला की ते असे बघायचे की जणू शाळेत पहिला नंबर आला. मास्तरीणही खूश व्हायची. सकाळी मात्र त्यांच्या शर्टाची बटणं तीच लावायची, कारण ती त्यांना अजून लावता येत नव्हती. सकाळची बटणं आणि दुपारचा आकडा यांची गाठ तिने मनात कधी घातलीच नाही. घाईत असलेल्या माणसाला असल्या गाठी सुचत नाहीत.

महिन्याअखेरीला ती आलेख काढायची. संख्याशास्त्राच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढणं म्हणजे हातचा मळ. आडव्या रेषेवर गट टाकायचा, उभ्या रेषेवर पकडीचा जोर, ‘सरासरी’वर टिचकी मारायची, की दोन खांब उभे. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक उभी बारीक रेघ यायची. त्या रेघेला खोलीतले सगळे मिशी म्हणत. मिशी लांब असली तर सरासरीचा भरवसा कमी, आखूड असली तर आकडा पक्का. मोजावाल्यांचा खांब व्यायामवाल्यांच्या खांबापेक्षा चांगला हातभर उंच यायचा आणि त्याची मिशी तर अशी आखूड की जणू कुणी नुकतीच कातरून दिलीय.

"आपला खांब कुठला?" बाबा विचारायचे.

"बाबा, खांब एका माणसाचा नसतो. सगळ्या मोजावाल्यांची मिळून सरासरी असते ती."

"ते कळलं. आपला कुठला?"

"उजवीकडचा."

बाबा डोळे बारीक करून बघायचे. "उंच आहे. पण खालची अक्षरं फार बारीक काढलीस. रस्त्यावरून वाचता येणार नाहीत."

परीक्षक समितीची बैठक आता उद्यावर आली होती. मोजावाल्यांचा खांब उंच निघाला, तर अभ्यासाला पुढचा टप्पा मिळणार होता आणि मोजे आणखी दोन वर्षं पेशंटकडेच राहणार होते. नाही निघाला, तर सोमवारी कंपनीचा माणूस खोकी घेऊन येणार आणि मोजे परत नेणार. समितीत काय व्हायचं ते होवो, बाबांचा मोजा जाता कामा नये, एवढं एकच मास्तरीण मनाशी घोकत होती. तिचा सगळा जीव त्या मोज्यात अडकला होता.

सकाळी मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "आलेख बरोबर आहे गं, पण मेला फिका दिसतोय. उद्या पडद्यावर मोठा दाखवायचाय. जरा रंग भर, जीव आण त्यात."

बॉसने रंग भर म्हटलं की भरायचा. मास्तरणीने विचार केला, नुसते खांब रंगवण्यापेक्षा प्रत्येक मोजणीचा एकेक ठिपका खांबावर दाखवू आणि प्रत्येक पेशंटला वेगळा रंग देऊ. फुलबाग दिसेल. तिने ‘रंग कशावरून’ या चौकटीत ‘पेशंट’ निवडलं आणि कळ दाबली.

व्यायामवाल्यांचा खांब खरंच फुलबागेसारखा झाला. लाल, जांभळे, पिवळे, निळे ठिपके सगळीकडे विखुरलेले. मोजावाल्यांचा खांब मात्र वरपासून खालपर्यंत नारिंगी निघाला. मधूनच एखादा चुकार हिरवा, एखादा निळा. बाकी सगळा नारिंगी.

काहीतरी कळ चुकीची दाबली गेली, असं तिला वाटलं. तिने रंगांचा संच बदलला. आता खांब वरपासून खालपर्यंत जांभळा झाला. तिने बाण एका ठिपक्यावर नेला. छोटी चौकट उघडली: पेशंट सात. दुसऱ्यावर नेला. सात. तिसऱ्यावर, खालच्या बाजूच्या एकावर, अगदी कडेच्या एकावर. सात, सात, सात.

 सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेच करत होतं. त्याला माणूस कळत नव्हता, ओळ कळत होती. एक दाब, एक ओळ. बाकीचे मोजावाले पंधरवड्यातून एकदा येऊन तीनदा दाबून जायचे आणि बाबा रोज दाबायचे. सगळ्या ओळींची सरसकट सरासरी काढली, की ती मोजावाल्यांची कसली, ती बाबांचीच. मिशी आखूड का होती तेही आता दिसलं. तोच हात शेकडो वेळा मोजला की आकडे एकमेकांजवळ येणारच, आणि ते एवढ्या सगळ्या माणसांचे आहेत अशी संगणकाची समजूत होणारच. ही चूक रस्त्यावरचा माणूस करणार नाही. त्याला विचारलंत की या गटात माणसं किती, तर तो डोकी मोजेल. ओळी मोजायची बुद्धी फक्त शिकलेल्या माणसाला होते.

काय करायला हवं होतं ते तिला पाठ होतं. नव्या मुलांना ती हेच शिकवायची. आधी प्रत्येक पेशंटची स्वतःची सरासरी काढायची, म्हणजे प्रत्येक माणसाचा एकच ठिपका, आणि मग त्या ठिपक्यांची सरासरी. तिने काढली. मोजावाल्यांचा खांब पायरी उतरल्यासारखा खाली आला आणि व्यायामवाल्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. उंची जवळपास सारखी. मिश्या दोघांनाही चांगल्या लांबलचक फुटल्या होत्या. मोज्याने काही होतं असं या आलेखावरून कुणीही म्हणू शकलं नसतं.

"काय गं, जमलं का?" मागून बाबांनी विचारलं.

"जमतंय."

"दाबू का एकदा?"

"नको!"

ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडे बिघडून परत आलेले मोजे खोक्यात भरणारा फिजिओ वळून बघायला लागला. तो गडी सगळ्यांशी हसूनखेळून असायचा. वातावरण निवळावं म्हणून त्याने हातातला एक मोजा वर धरला. पट्टा विरलेला, बोटं काळपटलेली, वासही येत होता. "बघा काका, लोकांनी काय दशा केलीय. तुमचा त्या दिवशी तपासला तर आजच दुकानातून आणल्यासारखा. पाटीवाल्याचा हात आहे, टापटीप दिसणारच."

बाबा कसंनुसं हसले आणि मीटर टेबलावर ठेवून दिलं.

मॅडमची केबिन काचेची होती. आतलं सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. मास्तरणीने दोन्ही आलेख छापून त्यांच्यापुढे ठेवले आणि झाला प्रकार सांगितला. मॅडमना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्या हुशार होत्या, तीच तर पंचाईत. मूर्ख माणसाशी वाद घालताना निदान आपण बरोबर आहोत एवढं तरी समाधान मिळतं.

"हे आजवर कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग उद्याही विचारणार नाहीत. समितीला खांब कळतात गं. आतल्या ओळी कोण बघतो?"

"पण मॅडम, हे खोटं आहे."

"खोटं काय आहे? एक तरी आकडा तू मनाने घातलास? सगळे दाबूनच आलेत ना?"

"एकाच माणसाने दाबून आलेत."

"बरं. सांगू या मग समितीला." मॅडमनी चष्मा काढला. "पेशंट सात रोज येऊन दाबत होता. कोण हा पेशंट सात? तर जी मोजत होती तिचा बाप. पुढे काय होईल सांग. तुझी पदवी?"

"घाल त्यांना, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काखा वर केल्या असत्या तर मास्तरणीला निदान रागवता आलं असतं. "मीही बुडेन. ही खोली बंद होईल. फिजिओची दोन पोरं लहान आहेत, तो घरी बसेल. सगळं मान्य. पण ते सोड. सोमवारी कंपनीचा माणूस येईल. घरोघर जाऊन मोजे गोळा करायचं काम तुझं आहे. मग काय, सुरुवात घरापासून करणार? बाबांच्या हातातून काढून घेशील?"

काचेपलीकडे बाबा बसले होते. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होते. मास्तरीण कात्रीत सापडली होती आणि कात्रीची दोन्ही पाती मॅडमनी तिला व्यवस्थित दाखवली होती.

"चारपर्यंत समितीला पाठव," मॅडम म्हणाल्या. "आणि रंग नको. आधी होता तसाच बरा होता."

ती जागेवर येऊन बसली. दोन्ही आलेख पडद्यावर शेजारी शेजारी होते. खोलीतली हवा संपत आलीय असं तिला वाटायला लागलं. दोनदा उठून ती दारापर्यंत गेली, कार्ड हातात धरलं आणि परत आली. बाहेर जाऊन करणार काय? खरा आलेख पाठवला, तर बाबांचा मोजा गेला. म्हातारपणी माणसाला एक आशा लागलेली असताना ती आपल्या हाताने तोडायची, आणि कशासाठी, तर मिशी लांब हवी म्हणून? तिला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. चार वाजायला आले. तिने उंच खांबाचा आलेख जोडला आणि पाठवून दिला. चुकीच्या गोष्टी अशाच होतात, बाकीच्या कामांसारख्या.

"गेला आपला खांब?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"मग शाळा सुटली?"

तिने दाराला कार्ड टेकवलं.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मोजा घालताना कुणी बघितलेलं त्यांना चालत नसे. सुरुवातीला ती पट्टा बांधून द्यायला गेली होती तर म्हणाले होते, "राहू दे, मला करू दे. तेवढाच व्यायाम." एका हाताने चाललेली धडपड लेकीने बघू नये असं त्यांना वाटत असणार, म्हणून तीही पुन्हा कधी गेली नाही. अर्ध्या तासाने ते बाहेर यायचे आणि ती विचारायची, "झालं?" ते म्हणायचे, "झालं." हे असं कित्येक महिने चाललं होतं.

आज मात्र तिच्याने राहवेना. ज्या मोज्यासाठी आपण एवढं केलं, तो बोटं मिटताना-उघडताना एकदा डोळ्यांनी बघावा, म्हणजे छातीवरचा धोंडा जरा हलका होईल, असं तिला वाटलं. चहाचा कप घेऊन तिने दार ढकललं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हात मांडीवर. उघडे. समोर टेबलावरचं घड्याळ होतं आणि ते त्या घड्याळाकडे बघत बसले होते. बाकी काही करत नव्हते. टेबलाचा खण अर्धवट उघडा होता. आत मोजा होता, कंपनीने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. पट्टासुद्धा नव्यासारखा घडी घालून ठेवलेला होता.

गृहपाठ न करता सापडलेल्या पोरासारखे बाबा उठून उभे राहिले.

"आत्ताच काढला," ते म्हणाले.

तिने खणाकडे बघितलं. मग त्यांनाच ते फार वेळ धरून ठेवता आलं नाही. ते पुन्हा खाली बसले.

"चावतो गं तो. पहिल्या आठवड्यात घातला, तर अशी कळ जायची की खांद्यापर्यंत. हे बघ." मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा एक जुना डाग होता. बाह्या नेहमी खाली असायच्या, बटणं तीच लावायची, आणि तरी तिने तो कधी बघितला नव्हता. "डाग बरा झाल्यावर घालू म्हटलं. मग नाहीच घातला."

"सांगितलं का नाहीत मला?"

"कसं सांगणार? तू तेव्हा इतकी खुशीत होतीस. मोजावाल्यांचा खांब वर जातोय, बाबा, म्हणालीस. मी मोजा घालत नाही म्हटलं असतं तर तुझी डॉक्टरेट गेली असती. म्हटलं, मोज्याने नाही तर नाही, आपण दाबून दाबून वर नेऊ."

"रोज?"

"मग काय करायचं त्या खोलीत?" स्ट्रोकनंतर बाबा पहिल्यांदाच चिडले. "ना खिडकी, ना दार आपलं आपल्याला उघडता येत. दाबलं की निदान तू बघायचीस माझ्याकडे. रात्री हात असा ठणकायचा की कूस बदलता यायची नाही. पण म्हटलं, पोरीचा खांब पडता कामा नये."

मास्तरीण पलंगावर त्यांच्या शेजारी बसली. कपातला चहा बशीत सांडला होता, तो तिने तसाच राहू दिला. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. नारिंगी ठिपके, पेशंट सात, खाली आलेला खांब, मॅडमची केबिन. आणि त्यांचा मोजा जाऊ नये म्हणून चारच्या आत आपण काय पाठवलं, तेही.

बाबांना समजायला वेळ लागला. "म्हणजे तो खांब माझाच होता?"

"तुमचाच होता. मीच उगीच ‘एका माणसाचा नसतो’ म्हणत होते."

क्षणभर त्यांना बरं वाटलं असावं. चेहऱ्यावर तसं दिसलं. मग ते विझलं. "म्हणजे मी तुझं काम बिघडवलं."

"तुम्ही नाही. मी बिघडवलं. ओळी मी भरल्या, तुमच्याकडे न बघता."

"आणि ते खोटं पाठवलंस, ते या पिशवीसाठी?" त्यांनी खणाकडे बोट केलं. बोट वाकडंच राहिलं. "माझ्यासाठी तू आणि तुझ्यासाठी मी. काय पण जोडी आहे!" त्यांना हसायचं होतं, पण ते जमलं नाही. "परत मागवता येतं का ते?"

"नाही. दुसरं पाठवता येतं."

"मग पाठव."

"नोकरी जाईल, बाबा. पदवीही जाईल बहुतेक."

 तिच्या नोकरीवरच घर चालत होतं, हे त्यांना सांगायला नको होतं. डाव्या हाताने त्यांनी मोज्याची पिशवी खणातून काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"सोमवारी नको. आत्ताच ने हा. मला बघवत नाही."

तिने लॅपटॉप तिथेच पलंगावर उघडला. खरा आलेख तिने पुसलेला नव्हता. दोन बुटके खांब, लांब मिश्या, आणि प्रत्येक माणसाचा एकेक ठिपका. बाबा चष्मा लावून पुढे वाकले.

"यात मी कुठे?"

तिने बोट ठेवलं. "हा."

"एवढासा?"

"सगळे एवढेच आहेत, बाबा."

"पण सगळ्यात वर आहे."

"हो. सगळ्यात वर आहे."

तिने समितीला लिहिलं की दुपारी पाठवलेला आलेख चुकीचा आहे, बरोबरचा सोबत जोडला आहे. पेशंट सात माझे वडील आहेत, त्यांची मोजणी मी स्वतः केली, आणि पहिला आठवडा सोडला तर त्यांनी मोजा वापरलेला नाही. मॅडमनाही प्रत लावली. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचलं तर धीर सुटेल म्हणून पाठवून टाकलं. पाचच मिनिटांत फोन वाजायला लागला. पडद्यावर मॅडमचं नाव होतं. तिने तो वाजू दिला.  उद्या सकाळी त्या केबिनमध्ये कसं उभं राहायचं ते तिला माहीत नव्हतं.

फोन थांबल्यावर बाबांनी विचारलं, "उद्या मला यायला लागेल?"

"समितीपुढे? नाही, तुम्हाला कशाला बोलावतील."

"समितीचं नाही विचारत. त्या खोलीत."

मास्तरणीने लॅपटॉप मिटला. हे तिने त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "नका येऊ," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंना सांगते मधूनमधून डोकावायला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेऊ."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की पलंग हलला. "सुटलो बाई एकदाचा."

ते ऐकून तिला हसू आलं आणि त्यामागोमाग रडूही. आपण अडकलोय, या माणसापायी, या हातापायी, त्या तळघरापायी अडकलोय, असंच ती वर्षभर मनात म्हणत आली होती. आणि दाराचं कार्ड तर सगळा वेळ तिच्याच गळ्यात होतं.